वाळवंटातलं पाणी, आणि ते विचारायचं कसं

वाळवंटात सायकलने फिरताना दिवसाला चार लिटर पाणी पुरेल असं काही जण म्हणतात. थंडीत कदाचित. उन्हाळ्यात पेडल मारताना तासाला लिटरभर घाम सहज जातो, त्यामुळे आठ-दहा लिटर धराच, आणि एकाच पिशवीत भरू नका. ती फाटली की संपलं. नुसतं पाणी ढोसत राहिल्यास रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. सोबतचे ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात! लिटरमागे चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला.

नकाशावरच्या विहिरीवर विसंबू नका. गुराख्याला ‘विहीर कुठे’ एवढंच विचारू नका, ‘तिथून शेवटचं पाणी कधी काढलंत’ हेही विचारा. अंतर वेळेत सांगितलं, तर पायी की गाडीने ते विचारून घ्या. वस्तीच्या अलीकडेच सायकलवरून उतरा, गॉगल काढा. कुत्री बहुधा फिरत्या चाकामागे धावतात. जनावरांच्या पाण्याला न विचारता हात लावायचा नाही.

साखळीला ओलं राहणारं तेल नको, वाळू चिकटून दाते झिजतात. मेणाचं वंगण बरं. मऊ वाळूत टायरची हवा उतरवा, डांबरावर परत भरा.