लॅटिनो फ्रॅटर्निटीत मराठी मुलाने जावे का?

घोडबंदरची आई (ठाणे):
नमस्कार. माझा मुलगा न्यू जर्सीतील एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तेथील एका लॅटिनो फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांनी काढलेल्या, ग्रीक अक्षरांचे नाव असलेल्या विद्यार्थी बंधुमंडळाच्या माहिती-बैठकीला तो जाऊन आला आणि आता सदस्य व्हायचे म्हणतो. त्याने पाठवलेल्या व्हिडिओत नवे सदस्य एकसारखी जाकिटे घालून, एकामागे एक अगदी खेटून उभे राहून संस्थापकांची नावे आणि ग्रीक मुळाक्षरे एका दमात म्हणत होते व मध्येच सगळे मिळून पायांनी ठेका धरत होते. मला ते ढोल-ताशा पथकाच्या सरावासारखे वाटले. त्याच्या वडिलांना मात्र पहिली शंका आली ती रॅगिंगची. माझी अडचण वेगळी आहे. जी संस्था नावातच एका समाजाची आहे, तेथे आपल्या मुलाचे काय काम? भारतीय विद्यार्थ्यांच्याही अशा संस्था आहेत असे ऐकते, मग तिकडे का जाऊ नये?

नेरुळकर:
ताई, माझे पदवीचे शिक्षण तिकडेच झाले, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. अमेरिकेतील जुन्या फ्रॅटर्निट्यांपैकी अनेकांच्या नियमांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सदस्य गोरा आणि ख्रिस्ती असावा अशी लेखी अट होती, आणि जेथे ती लिहिलेली नव्हती तेथे रिवाज तेच काम करत असे. त्यामुळे ज्यांना दार बंद होते त्यांनी आपापली घरे बांधली. ज्यू विद्यार्थ्यांनी 1898 मध्ये न्यू यॉर्कला झीटा बीटा टाऊ काढली, तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची अल्फा फाय अल्फा 1906 मध्ये कॉर्नेल विद्यापीठात उभी राहिली. आज चालू असलेल्या लॅटिनो फ्रॅटर्निट्यांत सर्वांत जुनी म्हणजे फाय आयोटा अल्फा. तिची स्थापना 1931 ची असून तिची मुळे ट्रॉय येथील रेन्सेलेअर पॉलिटेक्निकमध्ये 1898 मध्ये निघालेल्या विद्यार्थी मंडळापर्यंत जातात. लॅटिन अमेरिकेतून शिकायला आलेली ती सधन घरची मुले होती आणि बोलिव्हार, मार्ती या तिकडच्या स्वातंत्र्यलढ्यातील नेत्यांना ती आपले आदर्श मानत.

तुमच्या मुलाच्या राज्यातली गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे 1975 मध्ये कीन कॉलेजात लॅम्ब्डा थीटा फाय निघाली, ती नागरी हक्क चळवळीनंतर कॉलेजची पायरी पहिल्यांदाच चढलेल्या घरांतील मुलांमधून. ‘एकीतच बळ’ अशा अर्थाचे तिचे स्पॅनिश ब्रीदवाक्य आहे. त्याच वर्षी त्याच कॉलेजात मुलींची लॅम्ब्डा थीटा अल्फाही सुरू झाली. या संस्थांत लॅटिनो वंशाचेच असावे अशी अट नाही. त्या समाजाच्या प्रश्नांविषयी आस्था असावी एवढी अपेक्षा असते. दक्षिण आशियाई संस्था पुष्कळ नंतरच्या, बहुतेक 1990 च्या दशकातल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील सिग्मा बीटा रो 1996 ची आहे. पण मैत्री आधीच जुळली असेल, तर केवळ आडनाव पाहून दुसरीकडे जाण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

वाशीचा वाचक:
इतिहास मान्य आहे, तरी माझा आक्षेप राहतोच. प्रत्येक समाजाने आपापली फ्रॅटर्निटी काढली म्हणजे कॅम्पसवर विविधता आली असे म्हणता येत नाही. सदस्यांच्या राहण्याचे मोठाले बंगले, गर्भश्रीमंत माजी विद्यार्थी आणि नोकरीच्या ओळखी जुन्या संस्थांकडेच राहतात. लॅटिनो संस्थांच्या बहुतेक शाखांना स्वतःचे घरही नसते आणि काही शाखा इतक्या लहान असतात की सारे सदस्य एका टेबलाभोवती मावतील. अलाबामा विद्यापीठात 2013 सालीसुद्धा कृष्णवर्णीय मुलींना जुन्या सोरॉरिट्यांनी (मुलींच्या अशाच संस्थांनी) नाकारल्याचे उघड झाले आणि मगच दारे किलकिली झाली. वेगळी घरे असल्यामुळे मोठ्या घरांना आयतीच सबब मिळते.

ठाणे पूर्व:
वाशीच्या वाचकांचा मुद्दा खोडून काढता येणार नाही, पण आपल्याकडचा अनुभव जरा वेगळे सांगतो. शाहू महाराजांनी कोल्हापुरात सर्व जातींसाठी वसतिगृह काढले, तरी प्रत्यक्षात ते एकाच जातीच्या विद्यार्थ्यांनी भरले. तेव्हा महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या समाजांची बोर्डिंगे उभी करायला हात दिला आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी 1908 मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. कागदावर उघडे असलेले दार ज्याच्यासाठी प्रत्यक्षात उघडत नाही, त्याने पदवी हातात पडेपर्यंत कोठे राहायचे, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, प्राध्यापकांना भेटून काय विचारावे, हे सांगणारा मोठा भाऊ तेथे मिळतो, आणि माझ्या मते या संस्थांचे खरे काम तेवढेच आहे. बाकीची जाकिटे आणि ठेका हा हौसेचा भाग.

रॅगिंगचे म्हणाल, तर ताईंच्या यजमानांची शंका रास्त आहे. आपल्याकडे महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे. अमेरिकेत कायदे राज्यागणिक होते. डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय कायदा झाला आणि दोषी ठरलेल्या विद्यार्थी संस्थांची नावे अहवालात जाहीर करणे विद्यापीठांना बंधनकारक झाले. हा अहवाल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो, तेव्हा मुलाला सांगून त्या फ्रॅटर्निटीचे नाव त्यात आहे का ते आधी पाहा. छळ लॅटिनो संस्थांतही घडलेले आहेत. समाजाच्या नावाने कोणतीही संस्था सोवळी ठरत नाही.

घोडबंदरची आई:
सर्वांचे आभार. अहवाल आज रात्रीच पाहायला सांगते. प्रवेशाच्या काळात अभ्यासाचे नुकसान होते का, आणि खर्च किती?

नेरुळकर:
खर्च शाखेगणिक वेगळा असतो. सुरुवातीचे एकरकमी शुल्क, प्रत्येक सत्राची वर्गणी आणि राष्ट्रीय संघटनेचा हिस्सा असे तिन्ही आकडे लेखी मागवावेत. जाकिटाचे पैसे बहुधा वेगळे पडतात. नव्या सदस्यांचा काळ काही आठवड्यांचा असतो आणि त्यात संस्थेचा इतिहास पाठ करणे, समाजसेवेचे तास भरणे यांत संध्याकाळचा वेळ जातो. अभियांत्रिकीच्या मुलाने सत्र परीक्षेच्या तारखा शाखेच्या अध्यक्षाला आधीच कळवाव्यात. रात्री उशिरा, ठिकाण न सांगता बोलावणे आले, तर त्याने जाऊ नये आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या विद्यार्थी कार्यालयाला कळवावे.