प्लेट रीडर घ्यायचाय, ९६ वेलची (नमुन्याच्या खाचांची) प्लेट पुरेल का? (नाशिक)

द्राक्षवेल:
अंबडला छोटी लॅब आहे. वायनऱ्यांतून द्राक्षाचा चोथा आणतो, त्याचे अर्क काढून अँटिऑक्सिडंट आणि जिवाणूरोधक गुण तपासतो. सध्या क्युव्हेटवर (नमुन्याची छोटी पारदर्शक कुपी) एकेक नमुना चालतो आणि हंगामातले चारेकशे अर्क फ्रीजरमध्ये पडून आहेत. म्हणून प्लेटवरच्या सगळ्या नमुन्यांचं प्रकाशशोषण एका दमात मोजणारा रीडर हवाय. विक्रेता म्हणतो मल्टिमोडच (शोषणाबरोबर फ्लुओरेसन्स, म्हणजे नमुन्यातून उजळणारा प्रकाशही मोजणारा) घ्या, १५३६ वेलपर्यंत वाचतो, पुढेमागे लागेलच. फ्लुओरेसन्सचं काम आमच्याकडे नाही. वापरणाऱ्यांनी सांगा, नाशिकचं कोणी असेल तर दुधात साखर.

गोदाकाठ:
१५३६ विसरा, ती प्लेट भरायला रोबो लागतो. ३८४ सुद्धा हाताने भरणं जिकिरीचं. तिथे दोन वेलमधलं अंतर ४.५ मिमी आणि आपली आठ चॅनेलची पिपेट ९ मिमीची, म्हणजे एक ओळ सोडून एक भरत जायचं. मध्येच फोन आला की कुठली ओळ झाली, देव जाणे. यंत्र ९६ वेल मिनिटाच्या आत वाचतं, वेळ खातं ते भरणं. साधा ॲब्सॉर्बन्स (फक्त शोषण मोजणारा) रीडर घ्या, उरलेले पैसे चांगल्या मल्टिचॅनेल पिपेटवर घाला.

सातपूरकर:
सहमत. पण तुमचा खरा घोळ रंगाचा होणार. डीपीपीएच (अँटिऑक्सिडंट भेटला की रंग उतरणारं जांभळं रसायन) ५१७ नॅनोमीटरला वाचता ना? लाल द्राक्षाच्या सालीतली अँथोसायनिनं आम्ल द्रावणात ५२० च्या आसपासच प्रकाश शोषतात. डीपीपीएचचा रंग उतरला तरी अर्काचा लाल रंग तिथे ठाण मांडून असतो, आणि चांगला अर्क उगाच कमजोर दिसतो. म्हणून प्रत्येक अर्काला त्याचा स्वतःचा ब्लँक द्या: अर्क आणि मिथेनॉल, डीपीपीएच नाही; त्याचा आकडा वजा करायचा. वेल दुप्पट लागतील, ते हिशेबात धरा. फोलिन (एकूण फेनॉल मोजायची चाचणी) ७६५ ला वाचतात, तिथे ही कटकट नाही.

क्युव्हेटचे जुने आकडे प्लेटशी थेट ताडू नका. क्युव्हेटमध्ये प्रकाशाची वाट १ सेंमी, ९६ च्या वेलमध्ये २०० मायक्रोलिटरला अर्ध्या सेंमीहून जराशी जास्त. यंत्रातलं पाथलेंथ करेक्शन (आकडा १ सेंमी वाटेवर आणणं) पाण्याच्या ९७७ नॅनोमीटरजवळच्या शोषणावर चालतं, मिथेनॉलला ते तसंच लावलं तर फसाल. त्यापेक्षा प्रत्येक प्लेटवर स्टँडर्ड कर्व्ह (ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांचा आलेख) ठेवा.

ब्लँकवाला:
जिवाणूंची वाढ ६०० ला रात्रभर बघणार असाल तर ३७ अंश तापमान आणि शेकिंग असलेलंच मॉडेल घ्या. झाकणावर वाफ धरते, त्यावर काय सोय आहे ते आधी विचारा. कडेचे वेल आटतात, त्यांत नुसतं पाणी भरा.

डेमो तुमच्याच लॅबमध्ये, तुमच्याच अर्कांवर घ्या. अर्धी प्लेट पॉझिटिव्ह (परिणाम नक्की दिसणारा नमुना), अर्धी निगेटिव्ह (न दिसणारा) भरून झेड-प्राइम (दोन्ही गट किती स्पष्ट वेगळे पडतात त्याचा आकडा) काढा, ०.५ च्या वर हवा. पिपेट मात्र तुमच्या माणसाच्या हातात द्या, नाहीतर मोजला जाईल विक्रेत्याचा हात.

गोदाकाठ:
सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो तेही कोटेशनवर लिहून घ्या. आमच्याकडे एकदा दिवा गेला तेव्हा "पुढच्या आठवड्यात येतो" हे महिनाभर ऐकलं. नाव घेत नाही. आणि यूपीएसशिवाय रात्रभराचं रीडिंग लावूच नका.

द्राक्षवेल:
मल्टिमोड बाद! एक राहिलं, डीपीपीएच मिसळून अर्धा तास थांबतो तेवढ्यात मिथेनॉल उडतं, त्याचं काय करता?

सातपूरकर:
फॉइल सील लावा. डीपीपीएचला उजेड सोसत नाही, तेही काम होतं. वाचण्याआधी हळू सोला, शेजारच्या वेलमध्ये शिंतोडे जातात.