खिडक्या घट्ट लावल्या तरी घरात गार वारा येतोय, काय करता येईल?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. थंडी पडायला लागली आणि खिडक्यांचा त्रास परत सुरू झालाय. सगळ्या घट्ट लावल्या तरी वारा आत येतोच, आणि रात्री जोरात सुटला की एका खिडकीतून बारीक शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. हॉलमध्ये आणि सासूबाईंच्या खोलीत अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग आहेत, मागच्या खोलीत जुनी लाकडी, दोन झडपांची, बाहेर उघडणारी. सासूबाईंचा पलंग खिडकीला लागूनच आहे, खोली लहान असल्यामुळे दुसरीकडे हलवता येत नाही, आणि मानेवर गार झोत लागतो म्हणून त्या रात्रभर डोक्याला स्कार्फ बांधून झोपतात, बघवत नाही ते. स्लायडिंगला आधी कोणीतरी फोमची चिकटपट्टी लावली होती ती गोळा होऊन कोपऱ्यात अडकलीये त्यामुळे पल्ला नीट सरकतही नाही. एक जण घरी येऊन बघून गेला, म्हणाला सगळ्या काढून डबल काचेच्या बसवा, दुसरा इलाज नाही. एवढा खर्च आत्ता जमण्यातला नाही. तर खरंच बदलाव्याच लागतील का? आणि सकाळी काचेला आतून पाणी सुटलेलं असतं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

रंधा:
ताई, बदलायचं नंतर बघा, आधी वारा नेमका कुठनं येतोय ते शोधा. हे न करता लोक टेप आणि सिलिकॉन आणतात आणि भलतीकडेच लावून बसतात.

वारा असेल त्या दिवशी घरातल्या सगळ्या खिडक्या आणि बाहेरची दारं बंद करा, पंखे बंद, आणि फक्त स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. तो हवा बाहेर फेकतो म्हणजे तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच पाहिजे, आणि ती फटींतूनच येते. आता पेटलेली अगरबत्ती खिडकीच्या कडेकडेने सावकाश फिरवा (पडदे आधी पूर्ण बाजूला करा, आणि घरात गॅसवर किंवा कोळशावर काही पेटलेलं असेल तर हा प्रयोग करू नका, धूर उलटा घरात यायचा). जिथे धुराची रेघ सरळ वर न जाता आडवी होते तिथे पेन्सिलीने खूण करा. पल्ला आणि चौकट यांच्यामध्ये तर बघाच पण चौकट आणि भिंत यांच्यामध्येही बघा, तिकडे कोणाचं लक्षच जात नाही. धुळीवरूनही कळतं, चौकटीच्या कडेला भिंतीवर काळपट रेघ उठली असेल तर तिथून हवा रोज जातेय येतेय असंच समजा.

लाकडी खिडकीला अजून एक करा. कागदाची पट्टी झडपेत धरून खिडकी लावा आणि पट्टी ओढा. अडकून बसली तर तिथे ठीक आहे, सहज निघून आली तर तिथे झडप दाबून बसत नाहीये. अशी चारी बाजूंनी बघा.

फट बारीक दिसते म्हणून सोडू नका. ४ मीटर घेराच्या खिडकीला सगळीकडून १ मिलीमीटरची फट असेल तर ती सगळी मिळून ४० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे भिंतीला साधारण ७ सेंटिमीटर व्यासाचं भोक पाडून ठेवल्यासारखंच झालं.

काचघर:
रंधा म्हणतायत ते बरोबरच आहे, त्यात थोडी भर घालते, कारण पलंगाजवळचा झोत कदाचित फटीतून येतच नसेल.

काच गार पडली की तिला टेकलेली खोलीतली हवा गार आणि जड होते आणि खाली घसरत येते, खिडकीखाली जो झोपलाय त्याच्या मानेवर थेट. बाहेरचा वारा एक थेंब आत आलेला नसतो तरी झोत लागल्यासारखंच वाटतं. खोलीत २० अंश आणि बाहेर ५ अंश असेल तर सिंगल काचेची आतली बाजू साधारण ९ अंशांपर्यंत उतरते. तुमचं सकाळचं पाणी त्याच्यामुळेच. २० अंशांच्या हवेत ५० टक्के आर्द्रता असली तर ९ अंशांच्या आसपास दव धरायला लागतं, आणि बंद खोलीत रात्रभर माणूस झोपलेला असला की आर्द्रता वाढतच जाते. म्हणजे पाणी सुटतंय म्हणून काच खराब आहे असं काही नाही. (डबल काच असती आणि दोन काचांच्या मध्ये धुकं धरलं असतं तर मात्र तिचं सील गेलंय असं म्हटलं असतं.)

ओळखायचं कसं, तर अगरबत्ती काचेच्या अगदी मध्यावर न्या, जिथे फट असूच शकत नाही. तिथेही धूर काचेला लागून खाली ओढला जात असेल तर ती गार काच आहे, सिलिकॉन कितीही भरलं तरी तो झोत थांबणार नाही. त्याला उपाय म्हणजे काचेच्या आत अजून एक हवेचा थर. खिडकीवर लावायची पारदर्शक फिल्म मिळते, चौकटीला चारी बाजूंनी दोन्हीकडून चिकटणारी टेप लावायची, त्यावर फिल्म ताणून बसवायची आणि हेअर ड्रायर फिरवला की सुरकुत्या जाऊन ती ताठ होते. स्थिर हवेतून उष्णता काचेच्या मानाने साधारण ४० पट कमी वाहते, डबल काचेतही सगळं काम मधली हवाच करते. नुसती जाड काच बसवून काही होत नाही, ४ मिमीची ६ केली तरी थंडीला जवळजवळ फरक पडत नाही, हे लोकांना सांगून पटत नाही. फिल्म लावल्यावर तेवढा सीझन ती खिडकी उघडता येणार नाही, आणि खोलीतून बाहेर पडायचा तोच एक रस्ता असेल तर लावूच नका.

पाऊलवाट:
दोघांचेही खूप आभार, आज वारा होता म्हणून लगेच करून बघितलं. सासूबाईंच्या खोलीत दोन्ही गोष्टी निघाल्या! काचेच्या मध्यावर धूर हळूहळू खाली जातो, पण दोन पल्ले जिथे एकमेकांवर येतात त्या उभ्या पट्टीपाशी तो एकदम आडवाच झाला, खालच्या टोकाला तर अगरबत्तीचं टोक फुलायला लागलं इतका वारा. पल्ला थोडा सरकवून बघितलं तर त्या खाचेत केसाळ पट्टीसारखं काहीतरी आहे, पण केस सगळे झडलेत आणि खालच्या वीतभर भागात तर पट्टीच नाही. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने दोन चौकोनी भोकं आहेत, त्यातूनही वारा येतो, ती सिलिकॉनने बुजवून टाकू का? लाकडीला वरच्या कोपऱ्यात, मध्ये जिथे झडपा मिळतात तिथे, कागद नुसता सुळकन निघून येतो.

रंधा:
भोकं बिलकुल बुजवू नका!! ती पाणी जायची आहेत. पावसात ट्रॅकमध्ये पाणी साठतं ते तिथूनच बाहेर पडतं, बुजवलीत तर ट्रॅक भरून पाणी घरात येणार आणि मग भिंतीत ओल धरली की ती निस्तरायला खिडकीपेक्षा जास्त त्रास. काही भोकांवर बाहेरून प्लास्टिकचं छोटं झाकण बसवतात, त्याची पापणी पाणी बाहेर सोडते आणि वाऱ्याने आपोआप मिटते, तसं मिळालं तर लावा. आधी ट्रॅकमधली माती ब्रशने काढा, व्हॅक्यूम करा.

केसाळ पट्टी म्हणताय तीच तुमची खरी अडचण आहे. वूल पाइल म्हणतात तिला, कोणी ब्रश पट्टी म्हणतं. स्लायडिंगला सरकायचं असतं म्हणून तिथे दाबून बसणारं रबर चालत नाही, हे केसच वारा अडवतात, आणि उन्हाने धुळीने ते चपटे होऊन झडतात. फोम टेप गोळा झाली तीही त्याचमुळे, सरकणाऱ्या जागी ती टिकतच नाही. जुन्या पट्टीचा तुकडा कापून दुकानात घेऊन जा, दोन मापं लागतात, खालच्या पट्टीची रुंदी आणि केसांची उंची. केस जरा जरी उंच घेतलेत तर पल्ला ढकलायला दोन माणसं लागतील, कमी घेतलेत तर फट तशीच. पल्ला वर उचलून खालची कड बाहेर घेतली की निघतो, पण काचेसकट जड असतो, एकट्याने करू नका, आणि वरच्या मजल्यावर असाल तर हे काम करणाऱ्यालाच बोलवा. जुनी पट्टी खाचेतून ओढून काढायची, खाच स्वच्छ करायची, नवी वरून सरकवत घालायची, टोकं ओढून ताणायची नाहीत नाहीतर नंतर आक्रसते आणि कोपऱ्यात परत फट पडते. पल्ला बसवल्यावर चौकटीशी समांतर उभा राहतोय का बघा, चाकांचा स्क्रू बहुतेक पल्ल्याच्या खालच्या कडेला असतो, तो फिरवून एक बाजू वरखाली करता येते.

लाकडीचं वेगळं आहे. वरच्या कोपऱ्यात मध्ये फट म्हणजे झडप खाली झुकलीये, वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले असणार. स्क्रू काढा, भोकात लाकडाची बारीक काडी गोंद लावून ठोका, सुकू द्या, मग स्क्रू परत पिळा. कितीतरी वेळा एवढ्यानेच झडप जागेवर येते आणि कडीही नीट लागायला लागते. मग जिथे अजूनही कागद सुटतो तिथे रबराची पट्टी लावा, फोमची नको, ईपीडीएम रबराची घ्या, ती दबून परत फुगते. चिकटवायच्या आधी लाकूड स्पिरिटने पुसा, आणि काम दुपारी करा, गारठ्यात गोंद धरत नाही. काच खडखडते का तेही बघा, पुट्टी वाळून पडली असेल तर नवी भरा.

काचघर:
चौकट आणि भिंतीमधल्या फटीबद्दल एक राहिलं. तिथे सिलिकॉन भरायचं तर न्यूट्रल प्रकारचं घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं सिमेंट आणि धातूला मानवत नाही. आतून रंग द्यायचा असेल तर अ‍ॅक्रिलिक, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही. फट ६ मिमीपेक्षा मोठी असली तर आधी आत फोमची गोल दोरी दाबायची आणि वरून सीलंट, नाहीतर ट्यूबच्या ट्यूब आत जातात आणि तरी तडा जातो. जुनं खरवडून काढल्याशिवाय नवं लावू नका.

निवडुंग:
सगळं वाचलं, एक महत्त्वाचं कोणी विचारलं नाही. सासूबाईंच्या खोलीत रात्री गॅसचा हीटर किंवा शेगडी लावता का? लावत असाल तर खिडकी बंद करायच्या आधी ते बंद करा. आत्ता फटींमधून हवा येते म्हणून निभावतंय, एकदा खोली घट्ट झाली की जळायला हवा पुरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, झोपलेल्या माणसाला कळतही नाही. आमच्या नात्यात असं होता होता वाचलंय म्हणून कळकळीने सांगतेय.

पाऊलवाट:
नाही हो, शेगडी नाही, विजेचा ऑइल हीटर आहे, पण सांगितलंत ते फार बरं केलंत. वूल पाइलचा तुकडा कापून ठेवलाय, मिस्टरांना उद्या पाठवते. पल्ला काढून बसवायला एक ओळखीचे फॅब्रिकेटर येतो म्हणालेत. एवढं झालं की लगेच फिल्मही लावून घेऊ का, का थांबू?

रंधा:
आधी पट्टी, मग दोन-चार रात्री सासूबाईंना विचारा. तेवढ्याने झोत गेला तर फिल्मची गरज नाही, जाड पडदा पुरेल. पडदा वर भिंतीला टेकलेला आणि खाली गादीच्या मागे खोचलेला हवा, म्हणजे काचेवरून घसरणारी हवा पडद्याच्या मागेच राहते. पण मग काचेला पाणी जास्त सुटेल, सकाळी पडदा सारून काच आणि खालची कड कोरड्या फडक्याने पुसायला विसरू नका, नाहीतर बुरशी धरते.

पाऊलवाट:
बरं, तसंच करते. पट्टी बसली की इथे कळवते.