कॅनॉल, चॅनल आणि आपला पाट

(खानदेशातल्या गावोगावच्या लोकांच्या गप्पा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी गावाचं नाव.)

साक्री : पोरगी काल विचारत होती, बाबा, कॅनॉल आणि चॅनल एकच का? तिला चॅनल म्हणजे टीव्हीचं एवढंच ठाऊक, इंग्रजीच्या धड्यात ते पाण्याचं निघालं. मी 'असेल' म्हणून सुटलो. आहेत का एकच? आणि पांझरा नदीच्या बंधाऱ्यावरून पाणी येतं त्याला आम्ही कधी कॅनॉल म्हणत नाही, पाटच म्हणतो. असं का?

चाळीसगाव : भाऊ, पोरीनं बरोबर पकडलं. दोन्ही लॅटिन 'कॅनालिस'ची लेकरं. चॅनल जुन्या फ्रेंचमधून आधी आला, १३०० च्या आसपास. तिथेच क चा च झाला होता. कॅनॉल मागाहून, १५ व्या शतकात आला, म्हणून त्याचा क शाबूत. पुढे दोघांनी कामं वाटून घेतली. माणसानं खणलेला तो कॅनॉल, म्हणजे सुएझ, पनामा. चॅनल निसर्गाचाही चालतो. आपण इंग्लिश खाडी म्हणतो तोही चॅनलच.

कॅनालिसच्या मुळाशी 'कॅना', म्हणजे बोरू. पोकळ दांडा, त्यावरून नळी, त्यावरून पाण्याची वाट. ग्रीकमध्येही तोच शब्द, आणि त्याच्याही मागे अक्कादी या प्राचीन भाषेतला 'कानू'. छडीचा केन, तोफेचा कॅनन, सलाइन लावताना टोचतात ती कॅन्युला, सगळी एकच भावकी.

पारोळा : मग कुत्र्याचं केनेल?

चाळीसगाव : ते 'कॅनिस', कुत्रा, त्यावरून. पण रस्त्याकडेच्या गटारीलाही इंग्रजीत पूर्वी केनेल म्हणत, आणि ते मात्र चॅनलचंच रूप. फसायला जागा आहे खरी.

अमळनेर : आपल्याकडे वेगळं काय झालं? संस्कृतात नड किंवा नल म्हणजे बोरूच. त्यातूनच आपला नळ, नळी. प्रणाली म्हणजेही मुळात पाण्याची वाट. आता संगणकाची झाली. कालवा मात्र या घरातला नाही, तो कन्नड 'कालुवे'चा सोयरा.

पिंपळनेर : पाटाचं मी सांगतो. आमच्याकडे फड पद्धत, तीनेकशे वर्षांची जुनी. नदीवर बुटका बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली शेतांचे गट, तेच फड, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी देतो, राखण जागल्या करतो, दोघेही गावाचेच. धरणं झाली, सरकार आलं, त्यासोबत कॅनॉल हा शब्द आला. पाटाला पाटकरी, कॅनॉलला पाणी मागायचा नमुना नंबर ७ चा अर्ज!

चाळीसगाव : आप्पा, एवढी कडक वाटणी नका करू. गिरणा नदीचा कॅनॉल सरकारीच, तरी आमच्या मळ्यात 'पाटले पानी उनं का?', म्हणजे पाटाला पाणी आलं का, असंच विचारतात.

साक्री : पोरीला वाचून दाखवलं. आता म्हणते, मग टीव्हीच्या चॅनलला वाहिनी का म्हणतात?

अमळनेर : वाहिनी म्हणजे संस्कृतात नदी. सैन्यसुद्धा, पण ते उद्या.