६४ माणसांना कोर्टहाऊस कशाला?

पर्मियनवासी:
मिडलंडहून कामासाठी हायवे ३०२ ने मेंटोनला जाणं-येणं असतं. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) हे मुख्यालय, आणि खरं तर काउंटीतलं एकमेव गाव. २०२० च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत ६४ डोकी. आमच्या पुण्याच्या सोसायटीत एका विंगेत याहून जास्त निघतील. तरी १९३५ चं विटांचं कोर्टहाऊस, शेरीफ, कागदपत्रं नोंदवणारा क्लार्क, काउंटी जज, कारभार बघणारे चार कमिशनर, सगळा लवाजमा. १२ जणांची ज्युरी बसवायची म्हटलं तर पाचातला एक धरून आणावा लागणार! नदीपलीकडच्या रीव्ज काउंटीत विलीन करून टाका.

रजिस्टरवाला:
साहेब, तेही करून झालंय. १८९३ ला काउंटी उभी केली, कारभाराचे तीनतेरा वाजले, १८९७ ला विधिमंडळाने मोडून रीव्जला जोडली. पुढे तेल लागलं आणि १९३१ ला पुन्हा वेगळी झाली. आणि डोकी कसली मोजताय? मी तेल कंपन्यांसाठी जमिनीचे हक्क तपासतो. वरची जमीन एकाची, खालचं तेल दुसऱ्याचं, त्यात वारसांनी पाडलेले वाटे. आपल्या सातबाऱ्यासारखा आयता उतारा इथे नाही. क्लार्कच्या ऑफिसात एकेक खरेदीखत मागे मागे जोडत मूळ मालकापर्यंत जायचं. वारस डॅलसला असो की आणखी कुठे, त्याचा कागद मेंटोनलाच.

हिशेबी:
कागद स्कॅन करून रीव्जच्या मुख्यालयी, पेकॉसला, ठेवता येतात हो. खरी गोम पैशात आहे. तेलविहिरींवरचा मालमत्ता कर खर्च करणार कोण, तर मूठभर मतांवर निवडून आलेली मंडळी. पाच-दहा मतं फिरली की सत्ता फिरते, म्हणून मतदार तिथे खरंच राहतो का यावरून कज्जे. एवढा पैसा असून शाळा नाही, मुलं शेजारच्या काउंटीत विंकला जातात. मी पर्मियनवासींच्या बाजूने.

सिरोंचाकर:
विलीन करा म्हणणं सोपं आहे. आमचा गडचिरोली जिल्हा १९८२ ला चंद्रपुरातून निघाला, तरी सिरोंच्याहून जिल्ह्याच्या गावी जायचं तर दोनशे किलोमीटरच्या वर. एका सहीला दिवस मोडतो, आणि साहेब मीटिंगला गेलेले असले तर मुक्काम. अहेरी जिल्हा मागतात तो हौस म्हणून नाही. ही लव्हिंग काउंटी साधारण १,७५० चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईचे दोन्ही जिल्हे मिळून जवळपास तिप्पट. माणसं कमी म्हणून रस्ता आखूड होत नाही.

पर्मियनवासी:
दादा, तुमच्याकडे माणसं आहेत. इथे नुसते तेल उपसणारे पंपजॅक माना हलवतात. आणि मेंटोन ते पेकॉस फार तर अर्धा तास.

रजिस्टरवाला:
अर्धा तास? तेलविहिरींना वाळू नेणाऱ्या ट्रकांमागे कधी अडकला नाहीत वाटतं. अपघात झाला तर पेकॉसच्या शेरीफची वाट बघत बसा.

पर्मियनवासी:
अडकलोय, चांगला दीड तास. बरं, शेरीफ ठेवा. चार कमिशनर मात्र अजून पटत नाहीत.