बीटा एचसीजी (गरोदरपणाचं हार्मोन) ८४ वरून १३६ झालं, एवढी वाढ पुरेशी आहे का? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा, खूप टेन्शन आलंय. सोमवारी पाळी चुकून तीन दिवस झाले होते म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीवर प्रेग्नन्सी किट करून बघितलं, सी ची (कंट्रोलची) लाईन डार्क आणि टी ची (टेस्टची) इतकी फिकट की खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली तेव्हा कुठे दिसली. त्याच दिवशी डॉक्टरांनी रक्ताची बीटा एचसीजी करायला लावली, ती ८४. बुधवारी त्याच लॅबमध्ये परत केली तर १३६. आता नेटवर जिकडेतिकडे लिहिलंय की दोन दिवसांत दुप्पट व्हायला हवं, म्हणजे माझं १६८ यायला पाहिजे होतं ना? मागच्या वर्षी सहाव्या आठवड्यात मिसकॅरेज झालंय त्यामुळे जीव थाऱ्यावर नाहीये. डॉक्टर म्हणतात शुक्रवारी परत रक्त द्या, सोनोग्राफी आत्ता नको. का नको?

प्रतिसाद:
ताई, मी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाही, पण रोज हेच रिपोर्ट हातात असतात म्हणून लिहिते. दुप्पट हा ढोबळ हिशोब झाला. आकडा १५०० च्या खाली असताना ४८ तासांत निदान ४९ टक्के तरी वाढ बघतात, तुमची ६२ च्या आसपास आहे. गर्भ गर्भाशयात रुजायला लागला की हे हार्मोन रक्तात येतं, आणि रुजणं कुणाचं लवकर कुणाचं चार दिवस उशिरा, म्हणून एका आकड्यावरून काहीच ठरत नाही, तो कसा चढतोय ते बघायचं. लाईन फिकट म्हणून घाबरू नका, बरीच किट २५ च्या आसपास पकडतात आणि लघवी किती पातळ आहे त्यावरही रंग बदलतो. सोनोग्राफीत गर्भाची पिशवी दिसायला साधारण १५०० ते ३५०० लागतं, आत्ता केलीत तर काही दिसणार नाही आणि उगाच रडत बसाल. फक्त एक, वाढ चांगली असली तरी गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत रुजलेला नाही हे रक्तावरून कळत नाही. एका बाजूला जोरात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली किंवा ब्लीडिंग झालं तर शुक्रवारची वाट बघू नका, रात्र असली तरी निघा. आणि मूल राहण्यासाठीच्या उपचारात देतात ते एचसीजीचं इंजेक्शन घेतलं होतं का? तेही टेस्टमध्ये दिसतं, दहा-बारा दिवस राहू शकतं.

धागाकर्ती:
नाही ताई, इंजेक्शन नव्हतं. दुखत पण नाहीये. खूप खूप थँक्यू, दोन दिवसांनी आत्ता नीट जेवले. शुक्रवारचा आकडा इथेच टाकते.