मदत हवी आहे: बाबांचा ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि दवाखान्यातली बाकं

खिडकीपाशी: औषधांबद्दल विचारत नाहीये, आधीच सांगते. आठवड्यातले दोन दिवस बाकावर जातात. सकाळी रक्त दिलं की रिपोर्ट दुपारी, मग डॉक्टर, मग कळतं प्लेटलेट चढवायच्यात, त्या यायला आणखी तीन तास. दर वेळी डॉक्टर नवा, रामायण पहिल्यापासून. बाबा काल म्हणाले, "आता नको नेऊस." कोणी यातून मार्ग काढलाय का? गुरुवारी परत जायचंय.

साखरझोप: कुठला ल्युकेमिया? एएमएल (झपाट्याने वाढणारा), सीएमएल (सावकाश वाढणारा), काय? वय?

नवरंग: माझ्या भावाला सीएमएल आहे. रोज इमॅटिनिबची गोळी, तीन महिन्यांनी पीसीआर ही रक्ततपासणी, नोकरी चालू. आठवड्यातून दोनदा कशाला बोलावतात? डॉक्टर बदला.

साखरझोप: अहो, प्लेटलेट चढवताहेत, वाचलंत का? भावाचा हिशेब इथे लावू नका.

खिडकीपाशी: सॉरी, राहिलंच. एएमएल, वय ७१. अझासिटिडिनची इंजेक्शनं सात दिवस, चक्र २८ दिवसांचं. सोबत व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या.

जुनी वही: आईचं हेच चालू होतं. आम्ही डेकेअरच्या सिस्टरना विचारून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आदल्या संध्याकाळी घराजवळच्या लॅबमध्ये करायला लागलो. प्लेटलेट १०,०००च्या खाली दिसल्या की डॉक्टरांना विचारून त्या सकाळीच मागवून ठेवायच्या. आई जेवायला घरी. लाल पेशी लागणार असतील तर मात्र क्रॉसमॅचचा (रक्त जुळतंय का ते बघायचा) नमुना तिथेच द्यावा लागतो, ती खेप चुकत नाही. शिवाय एका पानावर निदान, चक्र क्रमांक, शेवटचं रक्त चढवल्याची तारीख. नव्या डॉक्टरच्या हातात ते पान.

नवरंग: दोन लॅबचे आकडे जुळत नाहीत. धोका आहे.

जुनी वही: म्हणूनच "विचारून" लिहिलंय. आणि लॅब एकच ठेवायची.

पाणंद: पुतण्याला बोन मॅरो द्यायचाय. रक्तगट जुळावा लागतो का?

साखरझोप: नाही, एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणा) जुळावं लागतं. वेगळा धागा काढा ना! खिडकीपाशी, रात्री ताप १००.४च्या वर गेला तर फोन कुणाला करायचा, ठरलंय का? पांढऱ्या पेशी कमी असताना सकाळची वाट बघता येत नाही.

खिडकीपाशी: नाही ठरलेलं. कुणी सांगितलंच नाही.

खिडकीपाशी: सिस्टरशी बोलले. बाहेरची सीबीसी चालेल म्हणाल्या, पण रिपोर्ट संध्याकाळी बघणार कोण, ते त्यांनाही माहीत नाही. रात्रीसाठी कॅज्युअल्टीचा नंबर मिळाला. तो उचलतात का, ते आज लावून बघते.